अठरा तारखेची मुलाखत

महिन्याच्या १८ तारखेला मुलाखतीला बोलावणाऱ्या ऑफिसात आपलं काही जमणार नाही, हे मला फोनवरच कळायला हवं होतं. २० तारीख ही थ्री-बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायची शेवटची तारीख. तिच्या दोन दिवस आधी जीएसटीवाल्या सीएंकडे नोकरी मागायला जाणं म्हणजे पंगत बसलेल्या लग्नघरात ब्लाउजची मापं घ्यायला जाणं.

तरी गेले. वय ५२. बी.कॉम. १९९४. मग चार वर्षं एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे किर्द-खतावणी. मग मुलं, सासूबाई, सोसायटीचं खजिनदारपद आणि गेल्या वर्षी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास. 'पगाराचं नंतर बघू, आधी अनुभव मिळू दे' हे वाक्य घरूनच पाठ करून निघाले होते. याच्याखाली बोली लावणं माणसाला शक्य नाही.

नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. शेजारी एक मंडपवाले. मांडीवर साडीच्या दुकानाची फुगलेली पिशवी.

"म्याडम, तुमीच का नव्या सीए?"

"नाही हो, मी मुलाखतीला आलेय."

"मंग बघा की जरा."

या 'मंग'चा अर्थ मला अजून लागलेला नाही. पिशवी माझ्या मांडीवर आली. आत सगळी बिलं. बांबूची, सुतळीची, कापडाची, जनरेटरच्या डिझेलची, मधेच एक वडापावचं आणि एक मिक्सरचं.

"मिक्सर कशाला?"

"धंद्याला."

"तुम्ही जेवण पण देता?"

"न्हाई, निस्ता मंडप."

मी मिक्सर बाजूला ठेवला. त्यांनी तो हळूच परत गठ्ठ्यात सरकवला. मी पुन्हा काढला. हे तीनदा झालं.

"आणि हे तर कोरंच आहे."

"आत्ता झालंय कोरं. घेतलं तवा चांगलं काळं व्हतं."

त्या मशीनच्या कागदाचं हेच होतं. आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे शाईने लिहिलेली पावती चहा सांडला तरी वाचता यायची. तिथे एकदा तेरजेत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बेरजा जुळवताना, दहा पैशांचा फरक आला, तर शेठनी आम्हा दोघींना रात्री नऊपर्यंत बसवून घेतलं होतं. दहा पैसे सापडले. शेवटची बस गेली, रिक्षाचे चाळीस रुपये माझे गेले. ते कुठल्या खात्यात टाकायचे हे काही शेठनी सांगितलं नाही.

असो. डिझेल.

"दादा, डिझेल जीएसटीत येत नाही. याचं क्रेडिट, म्हणजे तुमच्या टॅक्समधून वजावट, नाही मिळणार."

"पन टॅक्स लागतो ना त्येला?"

"लागतो. तो वेगळा."

"मी भरला ना?"

"भरलात."

"मंग?"

१ जुलै २०१७ला जीएसटी आला, तेव्हापासून हे 'मंग?' कुणीतरी कुणाला तरी विचारतंच आहे. मी काय उत्तर देणार? मी पर्समधून तीन रबर काढले. एक डिझेलला, एक कापड-बांबूला आणि एक 'हे देऊ नका' या गठ्ठ्याला. मिक्सर तिसऱ्यात. ते माझ्याकडे सासूने सुनेकडे बघावं तसं बघत होते.

मग त्यांनी खिशातून ऑफिसने दिलेला कागद काढला. कापडवाल्याच्या नावाभोवती लाल गोल. त्याने त्याचं रिटर्न भरलेलं नाही, म्हणून यांचं क्रेडिट टू-बीमध्ये, म्हणजे कुठल्या खरेदीवर किती क्रेडिट ते दाखवणाऱ्या जीएसटीच्या तक्त्यात, दिसत नाही.

"म्हंजे पैशे मी दिले, कापड माझ्याकडं, बिल माझ्याकडं, आन त्यानं भरलं न्हाई म्हनून मी खोटा?"

मला एकदम या माणसाबद्दल माया वाटली. अकरा वर्षं बहात्तर फ्लॅटचा मेंटेनन्स मी लिहिला. थकबाकीदारांच्या दारात उभी राहिले, ऑडिटरच्या शंका निस्तरल्या. पण माझ्या वतीने कुणी काही भरलेलंच नाही. त्यामुळे मीही कुणाच्या टू-बीमध्ये दिसत नाही.

सव्वा तासाने सरांनी आत बोलावलं. एका कानाला फोन.

"काकू... सॉरी, मॅडम, जीएसटीचा प्रत्यक्ष अनुभव?"

"आत्ता बाहेर सव्वा तास घेतला."

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

"तसं नाही हो. ऑफिसमधला."

"हे ऑफिसच आहे ना?"

ते आणखी हसले. मग म्हणाले, "आमच्याकडची मुलं बावीस-तेवीसची आहेत. तुम्हालाच ऑकवर्ड होईल." मला का होईल? टॅलीच्या क्लासात माझ्या शेजारी एकोणीस वर्षांचा मुलगा होता. एफ-फाइव्ह पेमेंट आणि एफ-सिक्स रिसीट यातला घोळ तो शेवटपर्यंत मला विचारत होता. ऑकवर्ड होईल ते यांना, चहाचे कप उचलायला सांगताना. पण तेवढं स्पष्ट बोलतील तर तेही नाही.

"सहा महिने कुठेतरी काम करा, मग या."

हे 'कुठेतरी' नेमकं कुठे आहे? दिवाळीपासून मी चार ठिकाणी गेले. प्रत्येकाने 'कुठेतरी' पाठवलं. एका ठिकाणी अनुभवाचं सर्टिफिकेट तयार होतं, पाच हजार रुपयांत. काम न करता. काम फुकट करते म्हटलं तर मात्र जागा नव्हती. 'फ्रेशर चालेल' असं लिहितात तेव्हा फ्रेशरने ताजं दिसायचं असतं, हे जाहिरातीत छापा की!

बाहेर आले. मंडपवाले म्हणाले, "झालं का सिलेक्शन? न्हाई तर आमच्याकडं या, पन कॉम्प्युटर न्हाई बरं का." जिना उतरले तर वरून एक आर्टिकल, म्हणजे सीएंच्या हाताखाली शिकणारा मुलगा, पळत आला.

"काकू, काकू! तो रबर लावलेला जाडा गठ्ठा कशाचा?"

"डिझेलचा. त्याला हात लावू नकोस. आणि मिक्सर कुठे आहे ते बघ."

तो धावत वर गेला. मिक्सर चौथ्यांदा आत गेलेला असणार, यात मला शंका नाही. मी मात्र रस्त्यावर येईपर्यंत एवढाच विचार करत होते, की तिन्ही रबर वरच राहिले. चांगले जाड होते. परत मागायला जावं का?