उठून जायचं तर कुठे?

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की ग्वाटेमालातल्या माझ्या शेजाऱ्यांचं मी उगाच कौतुक करते. ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणं हा निव्वळ अडाणीपणा, सरकारने त्यांना उठवून सुरक्षित जागी न्यावं. ‘अडाणी’ हा शब्द मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

उठून जाणं या देशाने करून पाहिलंय, तेही राजधानीसकट. १५४१ मध्ये आग्वा ज्वालामुखीवरून पाण्याचा आणि चिखलाचा लोंढा आला, राजधानी गाडली गेली. ती जवळच्याच खोऱ्यात हलवली. तेच आजचं अँटिग्वा, मी राहते ते गाव. १७७३ च्या भूकंपात तेही ढासळलं. १७७६ मध्ये राजधानी आजच्या ग्वाटेमाला शहरात गेली, आणि १९१७-१८ च्या भूकंपांनी तिथेही घरं पाडलीच.

मग आला ४ फेब्रुवारी १९७६. पहाटेचे तीन, पुन्हा भूकंप. सुमारे २३,००० माणसं गेली, त्यातली कितीतरी कच्च्या विटांच्या भिंती आणि कौलांच्या ओझ्याखाली. आमच्या घरमालकीणबाई तेव्हा सात वर्षांच्या होत्या. भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून वाचले, एवढंच सांगतात. आजही त्यांच्या पलंगाशी बूट ठेवलेले असतात, टाचा पलंगाकडे, म्हणजे अंधारात सरळ पाय घालता यावेत. उजव्या बुटात विजेरी. निजताना दाराची कडी लावत नाहीत. हा अडाणीपणा?

१९९३ ला किल्लारीतही माणसं पहाटे झोपेतच गेली, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली. त्यांना आपण अडाणी म्हणालो नाही.

तुमचं एक मात्र खरं आहे. १ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री राजधानीजवळच्या एल कांब्राय वस्तीवर दरड कोसळली, २८० जण गेले. जागा धोक्याची आहे हे आपत्ती निवारण यंत्रणेने आधीच कळवलं होतं. त्या लोकांना हलवायलाच हवं होतं. पण उताराखालची जागा स्वस्त असते, कामाच्या जवळ असते, म्हणून माणूस तिथे घर बांधतो. सपाट, चांगली जमीन इथे मोजक्या लोकांच्या हातात आहे.

म्हणून ‘हलवा’ म्हणताना जमीन कुणाची घ्यायची आणि तिथून कामावर जायला बस कोणती, हेही लिहा. त्यावर बोलायला मला खरंच आवडेल.