एजंटला सगळं कळतं, तुम्ही कशाला लिहिताय?

एआय एजंटला, म्हणजे स्वतःहून कामं उरकणाऱ्या मॉडेलला, टूल (त्याने हाक मारली की एखादं काम करून देणारं फंक्शन) जोडून द्यायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. कोड झाला, टेस्ट हिरव्या झाल्या, आता ती 'डिस्क्रिप्शन' नावाची रिकामी चौकट तेवढी उरलीय. तिच्यावर अर्ध्या मिनिटाच्या वर घालवू नका. टूलचं नाव 'गेट डेटा' असेल तर 'डेटा गेट करतं' असं लिहा आणि चहाला जा.

कुणीतरी शहाणा म्हणेल, मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही; नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा (टूलला कुठली माहिती कुठल्या प्रकारात द्यायची त्याची यादी) एवढ्यावरूनच कुठलं टूल कधी उचलायचं ते त्याला ठरवावं लागतं. अशा माणसाला कोड रिव्ह्यूला बोलवू नका. जून 2023 मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने टूल मागवायची सोय, आणलं; नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी, म्हणजे टूल जोडायची सामाईक पद्धत, आणलं. एवढी मंडळी राबली ती काय तुम्हाला निबंध लिहायला लावण्यासाठी?

पैशाच्या टूलबाबत तर खास मौन पाळा. 'रिफंड देतं', बस्स. पॅरामीटर 'अमाउंट', प्रकार 'नंबर'. बऱ्याच पेमेंट गेटवेंना रक्कम पैशांत लागते, 500 रुपयांसाठी 50000 पाठवावे लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? झालं तर मग! ग्राहक म्हणतो 500 रुपये परत द्या, एजंट इमानेइतबारे 500 पाठवतो आणि खात्यात जमा होतात पाच रुपये. वर 'आपला रिफंड यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे' असा गोड निरोपही जातो. 'रक्कम पैशांत, पूर्णांक' हे तीन शब्द लिहिता आले असते म्हणा. पण मग सपोर्टच्या पोरांनी दिवसभर करायचं काय?

तारखेचा प्रकार 'स्ट्रिंग' ठेवा आणि पुढे काही बोलू नका. 03/04/2026 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, अमेरिकेत 4 मार्च. मॉडेलने दोन्हीकडचं वाचलंय, त्याला हवं ते निवडू द्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं सांगणारं आयएसओ 8601 नावाचं एक प्रमाण आहे. त्याचा उल्लेख केलात की सगळा सस्पेन्सच संपतो.

एका कामाला एकच टूल, हा कद्रूपणा झाला. 'गेट कस्टमर' हवं, 'फेच कस्टमर' हवं, 'कस्टमर इन्फो' हवं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी घाईत उरकलेलं 'कस्टमर इन्फो न्यू' तर हवंच. चौघांचं वर्णन एकच: 'ग्राहकाची माहिती देतं'. कुठलं मोबाइल नंबर घेतं, कुठलं आयडी मागतं आणि कुठलं केव्हाच बंद पडलंय, हे टीममध्ये एकाच माणसाला माहीत असतं आणि तो सध्या नोटीस पीरियडवर असतो. बरं, ही सगळी वर्णनं मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये (त्याच्यासमोर ठेवलेल्या मजकुरात) जाऊन बसतात आणि टोकन, म्हणजे ज्यांवर बिल लागतं ते मजकुराचे तुकडे, खातात. खाऊ देत, बिल कंपनीचं आहे.

'क्लीनअप' नावाचं टूल असेल तर 'साफसफाई करतं' यापलीकडे अवाक्षर नको. काय पुसलं जातं, पुसलेलं परत येतं का, आधी विचारायचं का, असल्या चौकशा कशाला? कुणीतरी 'जरा आवरून दे' म्हणेल आणि एजंट आवरेल. लख्ख आवरेल.

एरर आली तर 'समथिंग वेंट राँग' एवढंच परत पाठवा. 'ऑर्डर नंबर आठ अंकी हवा' असं सांगितलंत तर एजंट पुढच्या खेपेला बरोबर नंबर पाठवेल. मग तोच चुकीचा नंबर घेऊन तो तेच दार पुन्हा पुन्हा ठोठावतोय, ही लॉगमधली करमणूक बुडाली.

एवढं करून गोंधळ झालाच, तर मीटिंगमध्ये मान हलवत म्हणा, 'मॉडेल हॅलुसिनेट करतंय', म्हणजे मनचंच काहीबाही रचतंय. हे वाक्य सध्या सगळीकडे चालतं. मग दुप्पट महाग मॉडेल घ्या. तेही अडखळलं तर सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला आधीच दिलेल्या कायमच्या सूचनांत) कॅपिटल अक्षरांत दम भरा. (मराठीत प्रॉम्प्ट लिहिणाऱ्यांची इथे पंचाईत होते, त्यांनी उद्गारचिन्हांवर भागवावं.)

आणि हो, सोमवारी टीममध्ये नवी मुलगी रुजू होतेय. तिला मात्र ती चारही कस्टमर टूल्स बोर्डावर आकृत्या काढून, उदाहरणं देऊन, तासभर नीट समजावून सांगा. नुसत्या नावावरून तिला बिचारीला कसं कळणार?