पॉइंट ४५ ची गोळी आणि दहा फूट मागे उडणारा चोर

माझा भाचा न्यू जर्सीत, एडिसनला असतो. ग्रीन कार्ड हातात आलं, शेजारच्या गल्लीत दोन घरं फुटली, आणि स्वारीच्या डोक्यात पिस्तुलाने घर केलं. घ्यावं की नाही हे तो आणि माझी भाचेसून बघून घेतील. पण काडतुसं कोणती घ्यायची हे तो एका फॉरवर्डवरून ठरवायला निघालाय, आणि तो फॉरवर्ड ताईने रात्री अकरा वाजता माझ्याकडे ढकलला: "अरे, हे खरं का रे?"

फॉरवर्डचा ऐवज असा. पॉइंट ४५ ची, म्हणजे ०.४५ इंच जाडीची, एकच गोळी माणसाला दहा फूट मागे फेकते. ९ मिलिमीटर म्हणजे खेळणं, म्हणून तर एफबीआयने ते टाकून दिलं. पोकळ टोकाच्या, म्हणजे होलो पॉइंट, गोळ्यांवर जिनिव्हा करारात बंदी आहे. तेव्हा सज्जन माणसाने अखंड कवचाची, आरपार जाणारीच गोळी ठेवावी. घरातल्या घरात काही धोका नसतो.

नाही, ताई. खरं नाही.

आधी ते दहा फूट. बंदुकीशी माझा संबंध एनसीसीतल्या पॉइंट टू टू रायफलीपुरताच, पण अकरावीला संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, मी तीस वर्षं शिकवला. पॉइंट ४५ ची गोळी साधारण १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला २६० मीटरच्या आसपास. ग्रॅमचे किलो करून गुणाकार केला की येतात ३.९. आता क्रिकेटचा चेंडू घ्या: १६० ग्रॅम, ताशी १४० किलोमीटर. त्याचेही किलो आणि सेकंदाला मीटर केले की येतात ६.२. म्हणजे बोलरचा चेंडू या गोळीपेक्षा दीडपट धक्का देतो, आणि तो बरगडीत बसलेला बॅट्समन कळवळतो, खाली बसतो, पण उडून यष्टिरक्षकाच्या मांडीवर जाऊन पडत नाही. सत्तर किलोच्या माणसाला ती गोळी फार तर सेकंदाला साडेपाच सेंटिमीटरचा वेग देईल. कासवाची चाल. शिवाय जेवढा धक्का पुढे, तेवढाच मागे झाडणाऱ्याच्या मनगटाला. चोर दहा फूट उडणार असेल तर भाचाही उडायला हवा. १९८९ साली एफबीआयच्याच अहवालात हेच लिहिलंय: गोळी माणसाला पाडू शकत नाही, तेवढा जोर तिच्यात असता तर गोळी झाडणाराही पडला असता.

आता एफबीआयची गोष्ट, जी फॉरवर्डवाल्याने अर्धीच ऐकलीय. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत दोन दरोडेखोर आणि एफबीआयचे आठ एजंट यांच्यात चकमक झाली. दोन एजंट गेले, पाच जखमी झाले. प्लॅट नावाच्या दरोडेखोराला एजंट जेरी डोव्हची ९ मिलिमीटरची गोळी लागली होती. ती उजव्या दंडातून छातीत शिरली, फुप्फुसात गेली आणि हृदयाच्या इंचभर अलीकडे थांबली. त्यानंतरही प्लॅट लढत राहिला. यातूनच तो १९८९ चा अहवाल निघाला आणि कसोटी ठरली: माणसाच्या मांसाऐवजी वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच जावी, १८ च्या पुढे जाऊ नये. वाटेत दंड आला तरी पुरून उरावी, पण पलीकडे निघू नये. एफबीआय आधी १० मिलिमीटरकडे आणि मग पॉइंट ४० कडे वळली, हे खरं. पण २०१४ मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने पुन्हा ९ मिलिमीटरची बाजू घेतली. गोळ्यांची बनावट सुधारली होती. शिवाय प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या १०० पैकी ७० ते ८० गोळ्या चुकतात, असं त्यांनीच नमूद केलंय. ज्या पिस्तुलाचा झटका कमी, त्याचा नेम बरा. पॉइंट ४५ चं भोक मोठं पडतं, एवढं कबूल करतो. चुकलेल्या गोळीचं भोक कितीही मोठं असलं तरी ते भिंतीलाच पडतं.

आता ती होलो पॉइंटवरची बंदी. जिनिव्हा नाही, हेग. १८९९. आणि ते युद्धासाठी, करार मानणाऱ्या देशांपुरतं. अमेरिकेने तर ते कधी स्वीकारलंच नाही. (वाद पेटला तो कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यातल्या, अंगात फुलणाऱ्या गोळीवरून.) हां, न्यू जर्सीच्या कायद्यात होलो पॉइंटवर बंधन आहे हे मान्य करावं लागेल, पण घरात ठेवायला मुभा आहे, आणि भाचा बोलतोय घराबद्दलच.

माझं डोकं फिरलं ते शेवटच्या सल्ल्याने. आरपार जाणारी गोळी चांगली? न्यूयॉर्कच्या पोलिसांकडे अशाच गोळ्या होत्या. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत त्यांच्या गोळ्या १५ निरपराध लोकांना लागल्या. त्यातल्या पाच दुसऱ्या कुणाच्या तरी शरीरातून आरपार आलेल्या होत्या. १९९८ मध्ये त्यांनी होलो पॉइंट स्वीकारल्या त्या याचसाठी. अंगात शिरली की फुलते, अडकते, थांबते.

आणि भाच्याचं घर म्हणजे साताऱ्यातला दगडी वाडा नव्हे. लाकडी सांगाडा, दोन्हीकडे अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे, मध्ये पोकळी. पिस्तुलाची गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते. होलो पॉइंटसुद्धा! टोकाच्या पोकळीत जिप्समचा चुरा भरला की तीही फुलत नाही, साध्या गोळीसारखी पुढे जाते. त्यामुळे "मामा म्हणाले होलो पॉइंट घे" असं कुणी सांगत सुटू नये.

आपल्याकडे हा फॉरवर्ड फिरवून तर काहीच उपयोग नाही. ९ मिलिमीटर आपल्या सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही.

भाच्याला मी एकच विचारलं: तुझ्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे काय आहे? सकाळी उत्तर आलं. "मामा, शेजारी नाहीत हो, नुसता जिना आहे."

जिन्यावरून कोण जातं रे?