9.6 घाणे आणि ‘पुस्तकी शहाणपण’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब. मैदा आणि भट्टी मोजकी असताना दिवसाला खारी आणि नानकटाईचे किती घाणे भाजले तर नफा सर्वात जास्त, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “उत्तर 9.6 घाणे खारी आणि 4.8 नानकटाई! 0.6 घाणा कोण भाजतं? 10 आणि 5 करून मोकळं व्हायचं. नुसतं पुस्तकी शहाणपण. मागणी, कामगार, सणवार यांचा पत्ता नाही. एका ओळीत तर ≤ च्या जागी ≥ पडलंय.”

चिन्हाची चूक माझीच, दुरुस्त केली. पण ‘पुस्तकी’ हा शब्द लागला. कोल्हापुरातल्या बेकऱ्यांचे हिशेब मी बारा वर्षं लिहितोय. आणि सोव्हिएत गणितज्ञ कांटोरोविचनं 1939 मध्ये ही रीत (रेषीय प्रोग्रामिंग, म्हणजे मर्यादा समीकरणांसारख्या लिहून त्यांच्या आत सर्वात चांगलं उत्तर शोधणं) मांडली ती प्लायवूडच्या यंत्रांवर काम कसं वाटायचं या प्रश्नातून. कारखान्यातली गोष्ट आहे ती, वर्गातली नव्हे.

आता तुमचे 10 आणि 5 बघू. खारीच्या घाण्याला 3 किलो मैदा, 40 मिनिटं भट्टी, नफा 300 रुपये. नानकटाईला 4 किलो, 20 मिनिटं, 240 रुपये. 50 किलोच्या पोत्यातला 2 किलो मैदा लाटताना भुरभुरायला जातो, म्हणून खारीचे घाणे क्ष आणि नानकटाईचे य धरले तर 3क्ष + 4य ≤ 48. भट्टी 8 तास, म्हणून 40क्ष + 20य ≤ 480. तुमच्या आकड्यांना मैदा 50 किलो आणि भट्टी 500 मिनिटं लागते. दोन्ही अटी मोडल्या! मग 20 मिनिटं वाचवायला कारागीर आच वाढवतो, खारी वरून लाल होते, मधले थर ओले राहतात आणि दुसऱ्या दिवशी माल मऊ पडतो.

अपूर्णांक आला की जवळचा पूर्णांक धरायचा नसतो. दोन्ही अटींच्या आत बसणाऱ्या आसपासच्या पूर्णांकांच्या जोड्या तपासायच्या. 9 आणि 5 ला 3900 रुपये, 8 आणि 6 ला 3840, 10 आणि 4 ला 3960. म्हणजे 10 आणि 4. अपूर्णांकी उत्तराचे 4032 ही वरची मर्यादा, त्यापेक्षा फक्त 72 रुपये कमी. भट्टी पूर्ण भरते, 2 किलो मैदा उद्याला उरतो. हे लेखात होतं, साहेब. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं.

सणवाराचं म्हणाल तर दिवाळीत नानकटाईचे किमान 6 घाणे हवेत तर य ≥ 6 ही ओळ वाढवा, 8 आणि 6 येतं. कामगारांच्या तासांचीही तशीच एक ओळ.

जास्तीची 20 मिनिटं भट्टी तुम्ही कुठून आणणार होता, तेवढं मात्र कळवा.