बोजाऱ्याचे हिरे कसे करावेत

मोबाइलवरच्या गेममध्ये पैसे उडवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. आमच्या नागपुरात प्रत्येक फ्लॅट स्कीममध्ये या विद्येचे दोन-चार उस्ताद सापडतात. पण अजूनही काही कच्च्या दिलाची माणसं आहेत, ज्यांना 'खरेदी करा'वर अंगठा टेकवताना नेमका घराचा हप्ता आठवतो. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी. मन लावून वाचलंत तर महिन्याच्या दहा तारखेलाच खातं रिकामं करता येईल.

सगळ्यात आधी रुपया विसरा. रुपयाची खोड वाईट, तो दिसला की माणूस हिशेब करायला बसतो. म्हणूनच गेमवाल्यांनी तुमच्यासाठी हिरे, नाणी, रत्नं, सोन्याच्या विटा अशी सोय करून ठेवली आहे. एकदा ऐंशी रुपयांचे शंभर हिरे झाले की बंदुकीच्या नव्या रंगाची किंमत ३९९ हिरे दिसते, आणि ३९९ हिरे म्हणजे किती रुपये हे तोंडी सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. तुम्हाला चुकून सांगता आलंच (सव्वातीनशेच्या आतबाहेर), तर लगेच दुसरा गेम उतरवून घ्या. तिथला भाव वेगळा असतो.

समजा इतवारीतल्या एखाद्या किराणावाल्याने सांगितलं, की साखर रुपयांत मिळणार नाही. आधी माझ्या दुकानाचे बिल्ले विकत घ्या. बिल्ले शंभराच्या नाहीतर तीनशे दहाच्या पाकिटातच मिळतील, साखर एकशेवीस बिल्ल्यांना आहे आणि उरलेले बिल्ले परत घेतले जाणार नाहीत. त्याची लोकांनी काय गत केली असती? मोबाइलमधल्या दुकानदाराला मात्र आपण पाच तारे देतो.

खरेदी रात्री साडेअकरानंतर, लागोपाठ हरल्यावरच करावी.

यूपीआयचा पिन झटकन टाकावा. रेंगाळलात तर तेवढ्यात अक्कल परत येण्याची भीती असते.

कोपऱ्यात जे उलटं घड्याळ पळत असतं त्यावर पूर्ण श्रद्धा ठेवा. दोन तास चौदा मिनिटं शिल्लक म्हणजे त्यानंतर तो पोशाख पृथ्वीतलावरून नाहीसा होणार. पुढच्या सणाला तोच पोशाख निळ्याऐवजी जांभळा होऊन परत येतो, ते सोडा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानदारांच्या फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. तेरा प्रकार आहेत आणि खोटी घाई लावणं हा त्यातला पहिलाच. ही यादी वाचू नका, उगाच मूड जातो.

पहिल्या रिचार्जला दुप्पट हिरे मिळतात, ते तर घ्यावेतच. फुकटचं सोडू नये.

आता मुख्य विद्या, चक्र फिरवणे. दहा बक्षिसं मांडलेली असतात. त्यातली नको असलेली दोन तुम्हीच काढून टाकायची, म्हणजे निवड आपणच केली असं वाटतं. उरली आठ. एकदा निघालेलं बक्षीस पुन्हा निघत नाही, म्हणजे आठव्या फेऱ्यापर्यंत तुम्हाला हवं ते मिळणारच मिळणार. किती सरळ धंदा! पहिला फेरा ९ हिऱ्यांचा. नऊ म्हणजे काहीच नाही. मग १९, मग ३९, मग ६९, ९९, १४९, १९९ आणि शेवटचा ४९९. आणि तुम्हाला हवी असलेली वस्तू कितव्या फेऱ्याला निघते? ओळखा बरं. आता बेरीज करा. १०८२ हिरे. दुकानातलं मोठं पाकीट कितीचं? १०६० चं. बावीस हिरे कमी. हे बावीस हिरे कुठल्या तरी कारकुनाकडून चुकून कमी पडले असं ज्यांना वाटतं, त्यांना माझ्या मार्गदर्शनाची गरज नाही, त्यांचं आपोआप चांगलं होईल. बाकीच्यांनी बाविसासाठी आणखी शंभरांचं पाकीट घ्यावं. मग अठ्ठ्याहत्तर उरतात. ते रोज वरच्या कोपऱ्यात चमकत बसतात, आणि त्यांना वाया कसं जाऊ द्यायचं?

हे गणित मला माझ्या भाच्याने शिकवलं. सहावीत आहे. तान्ह्या पोळ्याला फेटा बांधून, लाकडी नंदी ओढत आमच्या अख्ख्या महाल भागात फिरला. दारोदार ओवाळून घेतलं, बोजारा म्हणजे नंदीवाल्या पोरांना मिळणारी ओवाळणी गोळा केली. दहाच्या नोटा, विसाच्या नोटा, हळदीचे डाग पडलेली नाणी, आणि आजोबांची करकरीत पाचशेची एक. त्याच दिवशी सकाळी मारबतीच्या, म्हणजे ईडा पीडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडून त्याने घसा बसवून घेतला होता. ईडा पीडा गेली असेल तर गेली, बोजारा मात्र दुसऱ्याच दिवशी गेला. चौकातल्या मोबाइल रिचार्जच्या दुकानात. दुकानदाराने आठशे रुपये मोजून घेतले, सुटे मिळाले म्हणून खूशही झाला असेल, आणि चिठोऱ्यावर १०६० हिऱ्यांचा कोड लिहून दिला. एवढ्याशा पोराला एका शब्दाने विचारलं नाही, की बापू, हे तुले कायले पाहिजे?

पोराला हवा होता एक नाच. त्याला स्वतःला नाचायचं नव्हतं, गेममधल्या बाहुल्याने नाचायचं होतं. पेटती कुऱ्हाड घेऊन, चार-पाच सेकंद. सात फेऱ्यांत निघालं काय, तर एक पॅराशूट, दोन बनियन, कसल्याशा पेटीचे तुकडे आणि पुन्हा असल्याच चक्राची तिकिटं. खात्यात उरले ४७७, आठवा फेरा ४९९ चा. मग स्वारी माझ्याकडे. "मामा, फक्त ऐंशी रुपये दे न! बावीसच हिरे कमी पडून राह्यले. आज रात्री इव्हेंट संपते."

मी दिले नाहीत. तो जेवला नाही. ताई माझ्यावरच चिडली, ऐंशी रुपयांनी काय भिकेला लागला असतास का म्हणून. अगदी बरोबर. गेमवाल्यांचाही हाच युक्तिवाद आहे.

तर पुढची सूचना, तक्रार जरूर करावी, करमणूक होते. मी केली. आधी मराठीत लिहिली, मग इंग्रजीत. उत्तर अर्ध्या मिनिटात हजर. 'प्रिय खेळाडू, आपल्या भावना आम्ही समजतो.' वापरलेले हिरे परत होत नाहीत, आपण अटी मान्य केलेल्या आहेत. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा माझ्या भावना समजल्या. अटी मान्य केल्या! कोणी? ज्या पोराला अजून अपूर्णांकांचा भागाकार जमत नाही त्याने? अहो, १८७२ सालचा करार कायदा आहे या देशात. अठरा वर्षांखालच्या पोराशी करार होतच नाही, त्याच्या बोटाने टेकवलेल्या 'मान्य आहे'ची किंमत शून्य आहे, हे वकिलीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असतं. पण हे ऐकायला पलीकडे माणूस तर हवा! पत्राच्या तळाला काय होतं माहीत आहे? आमच्या सेवेला किती तारे द्याल, आणि आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दहा हिरे भेट. मुदत चोवीस तास. पुढच्या मारबतीला कोणी या चक्राचा बडग्या (निषेधाचा पुतळा) काढणार असेल, तर बांबू आणि रद्दीचा खर्च माझ्याकडे लागला.

कायद्याची चिंता नको. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद झाले, नेमके पोळ्याच्या दिवसांत. हिऱ्यांची खरेदी त्यात मोडत नाही, कारण तिथे जिंकून रुपया हाती येण्याची सोयच नाही. जुगाऱ्याला निदान कधीतरी लागतं, तुमची त्या भानगडीतून सुटका केलेली आहे. तिकडे बेल्जियमने २०१८ मध्येच गेममधल्या नशिबाच्या पेट्या (पैसे मोजा, आत काय निघेल ते नशीब) जुगारात धरल्या. अमेरिकेत फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सला डिसेंबर २०२२ मध्ये बटणांच्या फसव्या मांडणीपायी आणि आईबापांना न विचारता झालेल्या खरेदीपायी २४.५ कोटी डॉलर परत करायचं कबूल करावं लागलं. पण ते तिकडे. आपण सहनशील माणसं.

घरी विचारलं तर ही गुंतवणूक आहे असं सांगावं. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला त्याची इथली सेवाच बंद पडली, तेव्हा त्या गुंतवणुकीचं काय झालं हे कोणी विचारलं तर विषय बदलावा. अटींमध्ये तर स्वच्छ लिहिलेलं असतं, की यातलं काहीही तुमच्या मालकीचं नाही. वापरायची परवानगी आहे, तीही आम्ही देऊ तोवर.

बास झालं. पोरांना नंतर बघू, आधी तुम्ही इकडे या. पोरगं जेवताना किरकिर करते म्हणून मोबाइल हातात देता. त्याला तुमचा पिन पाठ आहे हे पाहुण्यांना कौतुकाने सांगता, "आमच्या बंटीले सगळं समजते जी!" आणि बँकेचा मेसेज आला की त्याच बंटीला बदडता. लाज वाटू द्या थोडी. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे. एवढी वर्षं झाली, एकदा उघडून पाहिली? बर्डीहून खापरीपर्यंत मेट्रोत मान खाली घालून बसता, तुमच्या स्वतःच्या खात्यात किती पाकिटं आली ते आधी काढा. रुपयांत काढा. कागदावर लिहा आणि बायकोला, नाहीतर नवऱ्याला दाखवा. घेण्याइतकी ती वस्तू मोलाची असेल तर सकाळी चहा झाल्यावरही घ्यावीशी वाटेल, रात्री साडेअकराला कशाला घेता? आणि उरलेले हिरे पडू द्या की तसेच. ते काही नासत नाहीत. त्यांना संपवायला तुम्ही कोणाचे नोकर आहात?

आणि रिचार्जवाले भाऊ, तुम्ही पण. शाळेच्या गणवेशातलं पोर दहाच्या नोटांची चळत घेऊन काउंटरवर आलं, की कोड लिहून देण्याआधी त्याच्या घरी एक फोन लावत जा. नंबर तुमच्याकडे असतोच. दर महिन्याला त्यावर रिचार्ज तुम्हीच मारता.