तिकडे म्हणजे मी

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी अजून आहे. ठाणं सोडून अकरा वर्षं झाली, पण उद्या पाणी येणार नाही हे मला स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरला बसून आईच्या आधी कळतं. गेल्या आठवड्यात तिथे ब विंगमधल्या एका मुलावरून जुंपली. बायकोची रजा संपून ती कामावर रुजू झाली आणि हा वर्षभर बिनपगारी घरी, लेकीला सांभाळायला. एका काकांनी लिहिलं, "ही सगळी तिकडची थेरं. आपल्या संस्कृतीत पुरुष कमावतो, बाई घर बघते." त्यावर कुणाची तरी सून, "तिकडे बघा जरा, नवरा-बायको सगळं बरोबरीने करतात."

अहो, तिकडे म्हणजे मी ना! मला विचारलं का कुणी?

मग न विचारताच लिहिलं. इथल्या बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला 1971 साली, तोही पुरुषांनी मतदान करून दिला तेव्हा. अपेन्झेल इनररोडन या कॅन्टनमध्ये, म्हणजे इथल्या एका राज्यात, राज्यपातळीच्या मतदानासाठी 1990 उजाडलं आणि तेही कोर्टाने दटावल्यावर. 1988 पर्यंत कायद्याने नवराच कुटुंबप्रमुख, बायकोला नोकरी करायची तर त्याची परवानगी हवी. बाळंतपणाची पगारी रजा 2005 पासून, 14 आठवडे. आपल्याकडे 1961 पासून कायदा आहे आणि 2017 पासून 26 आठवडे. माझी आजी पहिल्याच निवडणुकीत मत देऊन आली होती!

लिहिताना ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू? त्याच निवडणुकीत सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी नाव न सांगता "अमक्याची बायको", "तमक्याची मुलगी" एवढंच सांगितलं होतं. ते मी लिहिलं नाही. ते 26 आठवडे आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना लागू नाहीत, हेही नाही.

आणि काकांची ती "आपली संस्कृती" नक्की कुठली? त्यांच्याच मजल्यावर माझी आई व्हीटीहून सहा-सतराची फास्ट पकडून यायची. लेडीज डब्यात भायखळ्याला पिशवीतून गवार निघायची आणि मुलुंडपर्यंत निवडून व्हायची. त्याच गाडीत पुढच्या डब्यात बाबा. मांडीवर ब्रीफकेस, तिच्यावर पत्ते, मंगळवारी भजन. दोघंही ठाण्याला उतरायचे, दोघंही दमलेले, पण एकाच्याच पिशवीत भाजी तयार असायची. बाई कमावते हे त्या डब्याने कधीच मान्य केलं होतं. गवार कुणी निवडायची, हा प्रश्न पुरुषांच्या डब्यापर्यंत पोचलाच नाही.

माझ्या त्या लांबलचक मेसेजला अठरा अंगठे आले. रात्री आईचा फोन.

"छान लिहिलंस. तू नोकरी किती टक्के करतेस गं आता?" इथे पूर्णवेळ नोकरी म्हणजे शंभर टक्के, हे तिला माझ्याकडूनच कळलेलं.

"पन्नास."

"नि जावई?"

"शंभर."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी बत्तीस वर्षं शंभर टक्के केलं."

मी लगेच कारणं सांगायला लागले. पोरं बारा वाजता जेवायला घरी येतात, बुधवारी दुपारी शाळा नसते, क्रिपेचं, म्हणजे पाळणाघराचं, बिल भरलं तर पगारातलं उरतं काय? सगळं खरंच आहे. इथे संस्कृतीचा शब्दही कुणी काढत नाही, शाळेचं वेळापत्रकच सांगतं दुपारी घरी कोण असायला हवं. पण आईकडे आजी होती, पोळ्यावाल्या काकू होत्या, त्या मावशी होत्या. मावशी आमच्याकडे असायच्या तेव्हा त्यांच्या पोरांना जेवायला कोण घालायचं, हे आईने कधी विचारलं नाही. मीही नाही. आणि आमच्या घरात बरोबरी आहे असं मी ज्या ऐटीत सांगते, ती म्हणजे नवरा डिशवॉशर लावतो नि त्याच्या नावावर मंगळवारची वॉशक्युखेची, म्हणजे इमारतीतल्या सामायिक धुण्याच्या खोलीची, किल्ली आहे. तेवढ्यावर ठाण्यात त्याच्या नावाच्या आरत्या ओवाळल्या जातात.

परवा ब विंगमधल्या त्या मुलाचा वेगळा मेसेज आला. "ताई, तिकडे बाप घरी राहिला तर कोणी काही बोलत नाही ना?"

मी "छे रे" एवढं टाइप केलं आणि थांबले. मागच्याच बुधवारी श्पिलप्लात्झवर, म्हणजे मुलांच्या खेळाच्या मैदानावर, एक बाप झोपाळ्याला झोके देत होता. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये हसून विचारलं होतं, "आज सुट्टी वाटतं?" तो म्हणाला, "नाही, आज पापाटाग." म्हणजे बापाने पोरांसाठी घरी राहायचा आठवड्यातला एक दिवस. बापाच्या एका दिवसाला नाव आहे. बाकीच्या चार दिवसांना काय म्हणतात, हे मी त्याला विचारलं नाही. मीही त्याच चार दिवसांतली. दोन दिवस झाले, त्या पोराला अजून उत्तर दिलेलं नाही.