प्रॉस्पेक्टस वाचताना वकिली करू नका

खासगी विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये मुलाला घालायचं ठरलं असेल, तर एक पथ्य पाळा. नात्यात कुणी वकील असेल तर त्याला प्रवेशाच्या दिवशी बरोबर नेऊ नका. माझ्या बहिणीने ही चूक केली. भाच्याचं कॉलेज बघायला मला घेऊन गेली आणि दिवसभर माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिचाच साक्षीदार फितूर झालाय.

प्रॉस्पेक्टस हातात आलं की आधी कागद चाचपा. जाड आणि गुळगुळीत असेल तर निम्मं काम झालं. मग मजकूर. ‘100 टक्के प्लेसमेंट साहाय्य’ यातला शेवटचा शब्द न दिसण्याची सवय करा. ‘पॅकेज अमुक लाखांपर्यंत’ यातल्या ‘पर्यंत’मध्ये शून्यही बसतं, हे मनात आलं तरी गिळून टाका. मोठमोठ्या लॉ फर्म्सचे लोगो ओळीने छापलेले असतात. तिथे कुणाला नोकरी लागली, की कुणी उन्हाळ्यात चार आठवडे फोटोकॉपी काढल्या, असं विचारणं असभ्यपणाचं आहे.

असल्या जाहिरातींबद्दल कायदा काय म्हणतो, ते पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात. 1893 चा इंग्लंडमधला खटला, कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी. कंपनीने जाहिरात दिली की आमचा स्मोक बॉल, म्हणजे नाकाशी धरून हुंगायचा औषधी गोळा, सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर 100 पौंड देऊ, आणि त्यासाठी 1000 पौंड बँकेत ठेवलेत. कार्लिलबाईंना इन्फ्लुएंझा झाला. कंपनी म्हणाली, अहो जाहिरात ती, मनावर काय घेता! कोर्टाने पैसे द्यायला लावले. कंपनीचं चुकलं एवढंच, की तिने आकडा ठामपणे छापला आणि पैसे ठेवल्याचंही सांगितलं. आपली लॉ स्कूलं हा निकाल कोळून प्यायली आहेत, म्हणून त्यांच्याकडे ‘पर्यंत’ आहे, ‘साहाय्य’ आहे आणि एक बारीक तारांकन आहे. तुमच्या मुलाला तो निकाल जरूर शिकवतील, फी परत मागायची मुदत टळल्यावर.

वकिलाला मात्र जाहिरात करता येत नाही. वकिलीचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 आहे: जाहिरात नाही, दलाल नाही, पाटीसुद्धा रास्त आकाराची. व्यावसायिक नीतिमत्तेच्या सक्तीच्या पेपरात हा नियम घोकावा लागतो. ज्या वर्गात तो शिकवतात, त्याच्या खिडकीतून विद्यापीठाच्याच होर्डिंगची पाठ दिसते. नियम वकिलांना लागू आहे, वकील घडवणाऱ्यांना नाही. प्रवेश मिळवून देणारा कॉलेजचा काउन्सेलर तर दलाल नव्हेच. तो फक्त दिवसातून चार वेळा फोन करून ‘सीट होल्ड केलीय’ असं कळवतो.

आता मूट कोर्ट, म्हणजे विद्यार्थ्यांनी वादाचा सराव करायचं लुटुपुटूचं न्यायालय. हे बघितल्याशिवाय घरी यायचं नाही. आम्हाला दाखवलं त्यात न्यायमूर्तींच्या खुर्चीवर अजून प्लास्टिकचं वेष्टन होतं. बसलं की करकरत असणार. बाजूला साक्षीदाराचा सुरेख पॉलिश केलेला पिंजरा. मूटमध्ये वाद बहुधा अपिलातला असतो, तिथे साक्षीदार कुठून येणार, असं मी पुटपुटलो. काउन्सेलरने ते ऐकलं नाही. त्याने भाच्याला पिंजऱ्यात उभं केलं, फोटो काढला आणि मला कळलं की पिंजरा कशासाठी असतो. बहिणीने फोटो तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकला. खालून आत्याचा प्रश्न आला, ‘काय केलं याने?’

बार कौन्सिलचे 2008 चे नियम वर्षाला किमान तीन मूट मागतात, प्रत्येकी 10 गुणांचे. शिवाय एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बघून त्याची नोंद करायची, 30 गुण. या नोंदीबद्दल माझा सल्ला ऐकाच. खरं लिहू नका. खरं लिहिलं तर असं होईल: अकराला पोचलो, मॅटर बोर्डावर एकेचाळीसावं, पुकारा झाला, समोरच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज, पुढची तारीख. पाच वर्षांची पदवी संपेल, दावा संपणार नाही. त्यापेक्षा सीनियरची वही घ्या. त्याच्या वहीत साक्ष झालेली असते, उलटतपासणी रंगलेली असते. त्यालाही ती त्याच्या सीनियरकडूनच मिळालेली.

लायब्ररी लांबून बघा. मी एक खंड ओढून काढला, तर पानं एकमेकांना चिकटलेली. ग्रंथपाल धावत आले. ‘फोटोशूटसाठी सेट लावलाय, सर.’ अभ्यासक्रमाच्या पानावर अजून इंडियन पीनल कोडच होतं. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं 420 जाऊन 318 झालं, हे तिथवर पोचलं नव्हतं. जुने खटले जुन्याच कलमांनी चालणार आहेत म्हणा, तेव्हा वाया काहीच जात नाही.

बार कौन्सिलच्या मान्यतेचं पत्र मात्र चुकूनही मागू नका. विद्यापीठ राज्याच्या कायद्याने होतं, पण सनद हवी तर लॉ कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता लागते. विचारलंत तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं गोड उत्तर मिळेल. 2002 च्या कायद्याखाली छत्तीसगडमध्ये 112 खासगी विद्यापीठं उभी राहिली होती. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली मूळ कलमंच रद्द केली. हा निकालही लॉ स्कूलमध्ये शिकवतात. ऑगस्ट 2025 मध्ये बार कौन्सिलने नव्या लॉ कॉलेजांवर तीन वर्षांची बंदी घातली, तेव्हा जे आहे ते आताच घ्या, असं काउन्सेलर म्हणाला. त्याचा हा युक्तिवाद मला आवडला.

पुढचा हिशेबही करू नका. 2024 मध्ये बार कौन्सिलने ज्युनिअर वकिलाला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये तरी द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बरं का. फीच्या पावतीशेजारी हे आकडे ठेवायचे नसतात.

शेवटी हमीपत्र. भाचा सतरा वर्षांचा. अज्ञानाशी, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याशी, केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या आपल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, 1903 मध्येच सांगून ठेवलंय. मी पेन हातात घेतलं, तर काउन्सेलर अदबीने म्हणाला, ‘मामांची सही नको सर, पालकांची.’ कायदा त्याला चांगला येत होता. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते. फुलीच्या वरचा मजकूर वाचायचा नसतो.